लामेद लागला की काय करायचं: हिब्रू ‘ले’ मराठीतून शिकताना

ठाण्याला टेंभी नाक्याजवळ जे सिनेगॉग आहे ते १८७९ सालचं. त्याचं नाव ‘शाआर हाशामायिम’, स्वर्गाचं दार. हे शब्द बायबलातल्या उत्पत्तीच्या २८व्या अध्यायातल्या १७व्या ओवीतले. याकोब दगडाची उशी करून झोपतो, शिडीचं स्वप्न पाहतो आणि जागा होऊन हे उद्गार काढतो. तिथून तीन ओव्या पुढे त्याचा नवस सुरू होतो. लामेद म्हणजे हिब्रूतलं ‘ल’ हे अक्षर. ते शब्दाआधी लागून होणारं ‘ले’ हे संबंधी अव्यय शिकायला या नवसासारखा उतारा दुसरा शोधूनही सापडणार नाही. २० ते २२ या तीन ओव्यांत लामेदने सुरू होणारे नऊ शब्द आहेत, आणि त्यातल्या आठांत हे अव्यय आहे.

आधी उतारा वाचून घ्या. उच्चार देवनागरीत दिला आहे. ‘ख’ हा घशातून घासत काढायचा, आपला ‘खटारा’तला नव्हे.

वायिद्दार याआकोव नेदेर लेमोर: इम यिह्ये एलोहीम इम्मादी, उश्मारानी बाद्देरेख हाज्जे आशेर आनोखी होलेख, वेनातान ली लेहेम ले-एखोल उवेगेद लिल्बोश, वेशावती वेशालोम एल बेत आवी, वेहाया आदोनाय ली लेलोहीम, वेहाएवेन हाज्जोत आशेर साम्ती मात्सेवा यिह्ये बेत एलोहीम, वेखोल आशेर तित्तेन ली, आस्सेर आआस्रेन्नू लाख.

ढोबळ अर्थ असा: याकोब नवस बोलला की देव माझ्यासोबत राहिला, या वाटेवर मला सांभाळलं, मला खायला भाकर आणि ल्यायला वस्त्र दिलं, मी सुखरूप बापाच्या घरी परतलो, तर तो माझा देव होईल. उभा केलेला हा दगड देवाचं घर होईल, आणि तू मला जे जे देशील त्याचा दहावा हिस्सा मी तुला देईन.

मराठीत ‘मला’, ‘खायला’, ‘ल्यायला’, ‘तुला’ आले आहेत. हिब्रूत तिथे तिथे लामेद आहे: ली, ले-एखोल, लिल्बोश, लाख. ही जुळणी योगायोगाची आहे, दोन्ही भाषांचं कुळ वेगळं. पण शिकणाऱ्याला ती फुकटात मिळते, आणि इंग्रजीतून हिब्रू शिकणाऱ्याला जिथे पानभर नियम पाठ करावे लागतात तिथे मराठी माणूस कानाने पुढे जातो. धोकाही याच जुळणीत आहे. ‘ला’ दिसला की लामेद, लामेद दिसला की ‘ला’ असं समीकरण डोक्यात बसलं की ठरावीक जागी हमखास चुकतं. त्या जागा मोजक्या आहेत आणि आधीच ओळखून ठेवता येतात.

पहिलं काम: लामेद अव्ययाचा आहे की शब्दाचाच?

वरच्या नऊंपैकी नववा शब्द ‘लेहेम’, म्हणजे भाकर. त्यातला लामेद धातूचाच आहे, तो काढला तर शब्द उरत नाही. लेव (हृदय), लायला (रात्र), लाशोन (जीभ), लावान (पांढरा) हेही तसेच. असे रोजचे पंधरा-वीस शब्द पाठ असले की ही अडचण संपते. ‘लिल्बोश’मध्ये मात्र दोन लामेद आहेत: पहिला अव्ययाचा, दुसरा ‘लावाश’ (नेसणं, घालणं) या धातूचा. घाईत दुसरा लामेद अव्ययाचा समजून ‘बोश’ नावाचा धातू शोधत बसू नका.

‘लेखा’चंही पाहून घ्या. शुक्रवारी संध्याकाळी म्हणतात त्या ‘लेखा दोदी’ या गीतातला ‘लेखा’ म्हणजे ‘चल’. तो ‘हालाख’ (जाणं) या धातूचा आज्ञार्थ आहे आणि शेवटी ‘हे’ (म्हणजे ह) हे अक्षर आहे. ‘तुला’ या अर्थाचा ‘लेखा’ साधारणपणे लामेद-काफ (ल-ख) एवढाच लिहिला जातो. साधारणपणे म्हणायचं कारण, उत्पत्ती २७:३७ मध्ये इसहाक एसावाला ‘तुला’ म्हणताना शेवटी ‘हे’ आला आहे. एक अपवाद म्हणून लक्षात ठेवा, त्यावर नियम बांधू नका.

दुसरं काम: लामेदखालचा स्वर वाचणं

अव्यय नेहमी पुढच्या शब्दाला चिकटून येतं, सुटं कधीच येत नाही. त्याखाली कोणता स्वर आहे यावरून पुढच्या शब्दाबद्दल बरंच कळतं, म्हणून हा भाग घाईने उरकू नका.

साधारण रूप म्हणजे लामेदखाली श्वा, म्हणजे अगदी आखूड किंवा मुक्या स्वराची खूण: ले-दाविद, ले-आम. पुढच्या शब्दाची सुरुवातही श्वाने होत असेल तर दोन श्वा शेजारी टिकत नाहीत आणि पहिल्याचा हिरीक (‘इ’ची खूण) होतो. ले आणि श्लोमो मिळून लिश्लोमो, ले आणि बेने मिळून लिव्ने. पहिलं अक्षर योद (य) असेल आणि त्याखाली श्वा असेल तर योद स्वरात विरघळतो: येहूदाचं लीहूदा, येरूशालायिमचं लीरूशालायिम. शब्दकोशात ‘हूदा’ शोधणारे विद्यार्थी दर वर्गात निघतात.

घशातल्या अक्षराखाली (आलेफ, हे, हेत, आयिन) हाताफ, म्हणजे आखूड केलेला स्वर असेल तर लामेद त्याच जातीचा पूर्ण स्वर घेतो. म्हणून ले-एखोल (खायला), ला-आसोत (करायला). दोन शब्द या नियमातून निसटतात आणि दोन्ही याकोबाच्या नवसात आहेत. ‘लेमोर’ आणि ‘लेलोहीम’ यांत आलेफ मुका होतो आणि लामेदचा स्वर लांबतो. देवाचं चार अक्षरी नाव आलं तर ते ‘आदोनाय’ वाचतात, आणि लामेद लागला की ‘लादोनाय’.

आता सगळ्यात उपयोगी गोष्ट. हिब्रूत निश्चित वस्तूला ‘हा’ लागतो: मेलेख म्हणजे कोणी एक राजा, हाम्मेलेख म्हणजे तो ठरलेला राजा. लामेद आला की ‘हा’मधला ‘हे’ गळतो आणि त्याचा स्वर लामेदखाली जातो. ले-मेलेख म्हणजे एखाद्या राजाला, लाम्मेलेख म्हणजे त्या राजाला. मधे म्म झाला तो दागेशमुळे, म्हणजे अक्षर दुप्पट करणाऱ्या ठिपक्यामुळे. बेत, काफ, पे या अक्षरांनी सुरू होणाऱ्या शब्दांत हा फरक कानालाही कळतो: ले-वायित (घराला, कुठल्याही) पण लाब्बायित (त्या घराला). ‘व’ ऐकू आला तर अनिश्चित, ‘ब्ब’ आला तर निश्चित. घशातली अक्षरं दागेश घेत नाहीत. तिथे उत्पत्ती १:५ नमुन्याला घ्या: वायिक्रा एलोहीम ला-ओर योम, वेला-होशेख कारा लायला. आलेफच्या आधी कामात्स, हेतच्या आधी पताह (दोन्ही ‘आ’च्या खुणा). अर्थही मराठीला धरूनच आहे: देवाने प्रकाशाला दिवस म्हटलं आणि अंधाराला रात्र म्हटलं. शेवटच्या ‘लायला’तला लामेद अर्थातच शब्दाचा.

इथेच एक सापळा आहे. लालेखेत (जायला), लाशेवेत (बसायला), लातेत (द्यायला), लादाआत (जाणायला) यांत ‘ला’ दिसतो पण ‘हा’चा काही संबंध नाही. पुढच्या अवयवावर आघात असल्यामुळे लामेदखाली कामात्स आला आहे, एवढंच. पुढे दागेश नाही आणि शब्द क्रियापदाचं रूप आहे, या दोन खुणांवरून तो ओळखा.

सर्वनामं

ही रूपं पाठच करावी लागतात, आणि मराठी माणसाला ती एका बैठकीत होतात. ली (मला), लेखा (तुला, पुरुषाला), लाख (तुला, स्त्रीला), लो (त्याला), लाह (तिला, शेवटच्या हेमध्ये ठिपका), लानू (आम्हाला), लाखेम (तुम्हाला), लाहेम (त्यांना).

दोन ठिकाणी गडबड होते. वाक्य थांबतं त्या जागी पुल्लिंगी ‘लेखा’चाही ‘लाख’ होतो. याकोबाचा नवस ‘लाख’वर संपतो म्हणून तो स्त्रीशी बोलत नाही, ओवी तिथे संपते म्हणून तसं रूप आलं. दुसरी गडबड ‘लो’ची. ‘त्याला’ या अर्थाचा लो लामेद-वावने लिहितात, ‘नाही’ या अर्थाचा लो लामेद-आलेफने. उच्चार एकच. १ राजे १:१ मध्ये म्हाताऱ्या दाविदाबद्दल दोन्ही एका दमात येतात: वेलो यिहाम लो, त्याला ऊब येईना. पहिला लो ‘ना’चा, दुसरा ‘त्याला’चा.

हा फरक किती दूर जातो ते स्तोत्र १०० च्या तिसऱ्या ओवीत पाहा. तिथे मजकुरात लामेद-आलेफ लिहिलेला आहे, पण समासातली परंपरेची सूचना लामेद-वाव वाचायला सांगते. लिहिल्याप्रमाणे ‘त्यानेच आम्हाला घडवलं, आम्ही स्वतः नव्हे’, वाचल्याप्रमाणे ‘त्यानेच आम्हाला घडवलं, आणि आम्ही त्याचे’. छापील हिब्रू प्रतीत शब्दावर छोटी खूण असेल तर समासाकडे बघायची सवय लावून घ्या.

‘ला’ जिथे सरळ चालतो

देणं, सांगणं, दाखवणं: वेनातान ली, मला देईल. यात शिकण्यासारखं फार नाही.

मालकी जास्त गमतीची आहे. हिब्रूत ‘एखाद्याजवळ असणे’साठी वेगळं सकर्मक क्रियापद नाही. ‘येश ली’ म्हणजे मला आहे. एसाव याकोबाला म्हणतो ‘येश ली राव’ (उत्पत्ती ३३:९), मला पुष्कळ आहे. नकारात ‘एन’ येतो: एन लाह वालाद (११:३०), तिला मूल नव्हतं. शब्दाला शब्द. हिंदीतून विचार केला तर इथे ‘के’ किंवा ‘के पास’ शोधावं लागतं. मराठीत बसल्या जागी मिळतं.

त्याहून सरस म्हणजे राग, घालमेल, ऊब यांची वाक्यं. वायिहार लेकायिन मेओद (४:५): काइनाला फार राग आला. पुढच्याच ओवीत देव विचारतो, लाम्मा हारा लाख? तुला राग कशाला आला? ‘लाम्मा’ म्हणजे ले आणि मा (काय), आपला ‘कशाला’ बनतो तसाच बनलेला. ‘लाख’ हे वर सांगितलेलं थांब्याचं पुल्लिंगी रूप. उत्पत्ती ३२ मध्ये एसाव चारशे माणसं घेऊन येतोय हे ऐकल्यावर याकोबाबद्दल ‘वायेत्सेर लो’, त्याला कोंडल्यासारखं झालं. ही ओवी हिब्रूत ३२:८ आहे, मराठी बायबलात ३२:७. उत्पत्ती ३२ मध्ये आणि पुष्कळ स्तोत्रांत असा एकाचा फरक पडतो. संदर्भ सापडला नाही की आधी एक ओवी मागे-पुढे पाहा, मग चुकलं म्हणा.

पण तहानभूक या यादीत घालू नका. मराठीत ‘मला तहान लागली’, हिब्रूत सिसरा हा सेनापती म्हणतो ‘त्सामेती’ (शास्ते ४:१९), सरळ कर्तरी क्रियापद. तिथे ‘ली’ नाही.

हेतू दाखवणारी क्रियापदं आपल्या ‘-आयला’सारखी: खायला, ल्यायला, करायला. दोनदा मात्र थांबा. ‘लेमोर’ म्हणजे शब्दशः ‘म्हणायला’, पण त्याचं काम फक्त पुढे बोललेलं वाक्य येतंय हे सांगणं. मराठीत ‘की’ किंवा ‘असं’ पुरतं, पुष्कळदा नुसतं अपूर्णविराम. आणि काही वेळा हे रूप हेतू सांगत नाही, रीत सांगतं. किद्दुशमध्ये (शब्बाथच्या, म्हणजे शनिवारच्या विसाव्याच्या, द्राक्षारसावरच्या प्रार्थनेत) येणारी निर्गम ३१:१६ ही ओवी घ्या: वेशाम्रू व्ने यिस्राएल एत हाशाब्बात, ला-आसोत एत हाशाब्बात लेदोरोताम. ‘शब्बाथ करायला शब्बाथ राखावा’ याला अर्थ नाही. ‘पिढ्यान्‌पिढ्या शब्बाथ पाळत तो राखावा’ असं घ्या. कोकणात तेलाचे घाणे चालवताना शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या बेने इस्राएल ज्यूंना ‘शनिवार तेली’ म्हणत, ते याच पाळण्यामुळे.

‘ला’ जिथे दगा देतो

सगळ्यात मोठी चूक कर्माची. मराठीत माणूस कर्म असला की त्याला ‘ला’ लागतो: राजाला पाहिलं, मुलाला उचललं. हिब्रूत निश्चित कर्मापुढे ‘एत’ येतो, लामेद नाही. २ शमुवेल २:४ ही ओवी भिंतीवर लावावी अशी आहे: वायिम्शेहू शाम एत दाविद लेमेलेख. त्यांनी तिथे दाविदाला राजा म्हणून अभिषेक केला. मराठी ‘ला’ दाविदाला, हिब्रू लामेद राजाला. दोन्ही भाषांत चिन्ह आहे, पण वेगवेगळ्या शब्दावर. हिब्रूतून मराठीत येताना ही चूक सहसा लपते, मराठीतून हिब्रूत वाक्य करून पाहाल तेव्हा उघडी पडते. म्हणून रोज दोन वाक्यं उलटी करून पाहा.

काही क्रियापदं तरीही कर्मापुढे लामेद घेतात. अनुवाद ६:५ मध्ये ‘वेआहावता एत आदोनाय’, एत सोबत. लेवीय १९:१८ मध्ये ‘वेआहावता लेरेआखा कामोखा’, लामेदसोबत. क्रियापद एकच. दुसऱ्या ओवीत ‘त्याचं भलं पाहा’ असा अर्थ धरणारे आहेत. तो पटण्यासारखा आहे, पण एवढ्यावरून मोठा सिद्धांत उभारू नये, कारण उशिराच्या पुस्तकांत अरामी वळणाने लामेद नुसत्या कर्मालाही लागतो.

दुसरा दगा जागेचा. आपण ‘ठाण्याला राहतो’, ‘वाशीला नोकरी करतो’. राहणं म्हणजे कुठे जाणं नव्हे, तरी ‘ला’. हिब्रूत राहण्याला ‘बे’ लागतो: आव्राम याशाव बे-एरेत्स केनाआन (उत्पत्ती १३:१२). लामेद जागेला लागला तर हालचाल असते: वेआव्राहाम शाव लिम्कोमो (१८:३३), अब्राहाम आपल्या ठिकाणी परतला. हालचालीसाठीही ‘एल’ हे वेगळं अव्यय जास्त चालतं. नवसातच पाहा, बापाच्या घरी परतण्याला ‘एल बेत आवी’ आहे.

तिसरी जागा ‘होणे’. ‘हाया’ क्रियापदानंतर लामेद आला की दोन शक्यता असतात. पुढे माणूस असेल तर मालकी, पुढे नवी अवस्था असेल तर ‘ते झालं’. मोशेची काठी जमिनीवर पडते आणि ‘वायेही लेनाहाश’ (निर्गम ४:३), साप होते. सापाला काही मिळत नाही. नवसातल्या ‘ली लेलोहीम’मध्ये दोन्ही शेजारी उभे आहेत: ली मालकीचा, लेलोहीम अवस्थेचा. ‘तो माझा देव होईल.’ निर्गम ६:७ मध्ये तर अशा दोन जोड्या आहेत: वेलाकाहती एतखेम ली ले-आम, वेहायीती लाखेम लेलोहीम. मी तुम्हाला आपली प्रजा करून घेईन आणि तुमचा देव होईन. ‘एतखेम’ला मराठीत ‘तुम्हाला’ आणि ‘लाखेम’ला ‘तुमचा’ आलं, म्हणजे पाठ केलेल्या अर्थाच्या बरोबर उलट. हे वाक्य न अडखळता सोडवता आलं की लामेद बराचसा हातात आला.

मालकीचा लामेद कधी ‘चा’ होतो. बेन यिशाय म्हणजे यिशायचा तो मुलगा. बेन ले-यिशाय (१ शमुवेल १६:१८) म्हणजे यिशायचा एक मुलगा. लामेद घातल्याने अनिश्चितपणा टिकतो. इ.स.पू. आठव्या शतकाच्या अखेरीच्या यहूदातल्या रांजणांच्या कानांवर ‘लाम्मेलेख’ असा छाप मिळतो, ‘राजाचा’. अशी मुठी-कानं आतापर्यंत हजारांच्या संख्येने सापडली आहेत. मराठीत माठावर कोणी ‘राजाला’ लिहिणार नाही.

‘लेदाविद’ हा मथळा ७३ स्तोत्रांना आहे. मराठीत तो बहुधा ‘दाविदाचे’ असा येतो. रचणारा दाविद, दाविदाला वाहिलेलं, दाविदाच्या संग्रहातलं, यांपैकी काहीही लामेदात मावतं. स्तोत्र ७२ ला ‘लिश्लोमो’ आहे आणि त्याच्या शेवटी ‘दाविदाच्या प्रार्थना समाप्त’ असं आहे. तेव्हा व्याकरणाच्या जोरावर कर्ता ठरवू नका, तो प्रश्न अव्ययाच्या आवाक्यातला नाही.

उरलेले प्रकार भराभर. कर्मणी वाक्यात ‘कडून’: बारूख आव्राम ले-एल एल्योन (उत्पत्ती १४:१९). ‘विषयी’: उलेयिश्माएल शेमातीखा (१७:२०), इश्माएलाचं म्हणशील तर मी तुझं ऐकलं. काळ: ले-एत एरेव, सांजेच्या सुमारास. आणि ‘लेख लेखा’ (१२:१) मधला लेखा, ज्यावर भाष्यांचे ढीग आहेत. तो जाणाऱ्याकडेच परत बोट दाखवतो. ‘तुला जा’ हे मराठी नव्हे, ‘तू आपला नीघ’ हे मराठी. स्त्रीला म्हणताना ‘कूमी लाख’ (गीतरत्न २:१०), तू आपली ऊठ.

उतारा सोडवायला बसल्यावर

पेन्सिलीने लामेदने सुरू होणारा प्रत्येक शब्द अधोरेखित करा. ‘वे’ किंवा ‘उ’ पुढे लागलेलेही धरा, नाहीतर ‘उलेयिश्माएल’ सुटेल. धातूचे लामेद खोडा. उरलेल्यांपुढे एकच अक्षर लिहा: सर्वनामाला ‘स’, क्रियापदाला ‘क्र’, नामाला ‘न’. ‘स’ आणि ‘क्र’ बहुतेक ‘ला’ आणि ‘-आयला’ने सुटतात. वेळ ‘न’वर घालवा. मागचं क्रियापद पाहा: देणं-सांगणं असेल तर ला, जाणं असेल तर कडे, हाया असेल तर होणे, करणं-नेमणं असेल तर म्हणून. क्रियापद नसेल तर चा. तरीही बसलं नाही तर ‘-वार’ लावून पाहा.

हा शेवटचा उपाय गणनेच्या पुस्तकात सतत लागतो. गणना १:२ मध्ये शिरगणतीचा हुकूम आहे: लेमिश्पेहोताम, लेवेत आवोताम, आणि ओवीच्या शेवटी लेगुल्गेलोताम. कुळवार, घराणेवार. ‘गुल्गोलेत’ म्हणजे कवटी, तेव्हा तिसऱ्याला ‘दरडोई’.